गिऱ्हाईक कुणाचं?

महिनाअखेरीला पगार पुरत नाही, ही तक्रार आता एखाद्या घरापुरती राहिलेली नाही. तोडगे मात्र दोनच सांगितले जातात. नोकरीवर भरवसा असलेली माणसं म्हणतात, आहात तिथेच वर चढा, परीक्षा द्या, नवं काही शिका, बढती पदरात पाडून घ्या. धंद्याकडे ओढा असलेली म्हणतात, हातात मोबाइल आहे, काहीतरी विकायला काढा, पगारावर कुणाचा बंगला झालाय? दोन्ही बाजूंना अनुभवाचं पाठबळ आहे, आणि दोन्ही बाजू एकमेकांचं पुरतं ऐकून न घेताच बोलतात. म्हणून इथे त्यांना समोरासमोर बसवलं आहे. एकीकडे सहकारी बँकेच्या कर्ज विभागात उभी हयात घालवून निवृत्त झालेला मामा, आणि दुसरीकडे साताऱ्यातल्या एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करणारी भाची. आईचा कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकावा आणि जम बसला की नोकरी सोडावी, असं तिच्या मनात आहे. ही दोघं कल्पनेतली आहेत. मसाल्याचा भाव आणि खर्च धरून चाललेले आहेत. बाकी कायदे, घटना, तारखा घडलेल्या आहेत.

भाची : मामा, तुम्ही म्हणता हातची सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. पण हातची ती हातची, हे तुम्ही कशावरून धरून चालता? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणगावात संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांत होते. बापाच्या जागी पोरगा लागायचा, इतकी ती नोकरी पक्की. पुढे काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. ती जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीनं आपली सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या नि वरच्या फळीचा भरणा जास्त, म्हणजे तुमच्या भाषेत बढत्या मिळवलेली माणसं! माझी वार्षिक वाढ गॅस, भाडं आणि धाकट्याच्या फीमध्येच जिरते. उलट पूर्वी दुकान काढायचं तर गाळा, पागडी, नोकर, उधारी असं सगळं लागायचं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी डेटा स्वस्त झाला, आणि आज साताऱ्यातलं पाकीट नागपूरच्या माणसानं मागवावं, पैसे आधी यावेत, माल मागून जावा, हे रोज घडतं. आईच्या हाताला चव आहे. ती चव फक्त आमच्या आळीनं का खावी?

मामा : आईच्या चवीबद्दल मला शंका नाही गं, मी ती लहानपणापासून खातोय. पण आमच्याकडे कर्जाला येणारा प्रत्येक माणूस उलाढाल सांगायचा, आणि आम्ही विचारायचो, हातात काय राहतं? तेच तुला विचारतो. पाव किलोचं पाकीट अडीचशेला विकायचं म्हणतेस. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी, खोबरं, कांदा, लसूण, तेल, गरम मसाला, डंकावरची कुटाई, वर पाकीट, लेबल, खोका, असे ११० रुपये धर. मोठ्या अॅपवर टाकलंस तर त्यांचं कमिशन आणि इतर फी मिळून ४०, पोचवण्याचे ६०. या शंभरावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १८. तुझ्या खात्यात येणार १३२. मसाल्यावरचा पाच टक्के कर त्या अठरात वळता होईल, ते सोडून देऊ. ११० वजा जाता राहिले २२. त्यात तुझ्या आईची मजुरी धरलेली नाही. आता दहातलं एक पार्सल परत आलं असं धर. कुणी दार उघडत नाही, कुणी कॅश ऑन डिलिव्हरीला ‘नको’ म्हणतं. कुडती परत आली तर पुन्हा विकता येते. खाण्याची वस्तू परत आली की ती गेली. माल ११०, आणि पोचवण्याचा भुर्दंड तुझ्यावर पडला तर करासह सुमारे ७०. नऊ पाकिटांत कमावलेल्या १९८ मधले १८० त्या एकानं खाल्ले. दहा पाकिटांवर राहिले १८ रुपये, आणि जाहिरातीवर तू अजून छदाम खर्च केलेला नाहीस.

मामाचा हा हिशेब निराशेचा वाटेल, पण मला तो या सगळ्या विषयाचा पाया वाटतो. ऑनलाइन धंद्याच्या कौतुकात जे दाखवलं जातं ते बहुतेक वेळा महिन्याच्या विक्रीचं चित्र असतं. विक्री अॅपच्या पडद्यावर आपोआप मोजली जाते. उरलेला पैसा मोजायला वही घालावी लागते, आणि ती फार थोडे विक्रेते घालतात. शिवाय कायद्याच्या अटी विक्रीच्या आधीच उंबऱ्यावर उभ्या असतात. खाद्यपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी आणि पाकिटावर तिचा क्रमांक हवा. ऑनलाइन मंचावरून माल विकणाऱ्याला पूर्वी पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी घ्यावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतल्या छोट्या विक्रेत्याला त्यातून सूट मिळाली, पण ती आपल्याच राज्यात विकण्यापुरती. बेळगावच्या पाहुण्यांना अॅपवरून एक पाकीट पाठवायचं म्हटलं तरी नोंदणी आली. नोंदणी घेतली की दरमहा किंवा तिमाहीला विवरणपत्रं आली, आणि अॅप प्रत्येक विक्रीतून अर्धा टक्का कर (टीसीएस) कापून ठेवतं तो आपल्या खात्यात वळता करून घेण्याचं काम आलं. यातलं काहीच अवघड नाही. पण ही सगळी कामं कुणीतरी संध्याकाळी बसून करायची असतात, आणि त्या संध्याकाळींची किंमत बावीस रुपयांत धरलेली नसते.

भाची : हिशेब मान्य. पण यावरून अॅप नको हे सिद्ध झालं, धंदा नको हे कुठे झालं? अॅप बाजूला ठेवू. सातारा, पुणे, मुंबईतल्या ओळखीच्या घरांना मी व्हॉट्सअॅपवर यादी पाठवते. माणूस एक पाकीट कधीच घेत नाही, तीन घेतो, कारण वर्षाचा मसाला भरायचा असतो. तीन पाकिटांचे साडेसातशे आले, माल ३३०, कुरिअर शंभर धरा. राहिले ३२०. पाकिटामागे शंभराच्या वर. राज्यातल्या राज्यात आणि मर्यादेच्या आत विकते तोवर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. माल परत येण्याचा प्रश्न नाही, कारण पैसे आधीच आलेत आणि घेणारा कोण ते मला माहीत आहे. मसाला तोच, चव तीच, आणि बावीसच्या जागी एकशे सहा. इन्स्टाग्रामवर डंकाचा, मिरच्या भाजण्याचा व्हिडिओ टाकला की लोक बघतात. हजारांनी बघणारे जमले की कशाला हवं ते अॅप?

मामा : आता तू मुद्द्यावर आलीस, आणि लगेच घसरलीस. ओळखीची घरं आणि हजारांनी बघणारे यांना तू एकाच मापानं मोजतेस. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या किती पोरापोरींनी तिथे लाखांनी चाहते जमवले होते! बंदीचं कारण सीमेवरचं, या पोरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण चाहते गेले ते गेले. कुणाचा नंबर नाही, पत्ता नाही, कुणाला सांगणार की मी आता अमुक ठिकाणी आहे? दुसरी गोष्ट घे, ती तर थेट खाण्यापिण्याची. अमेरिकेतल्या मुलांना आपल्याकडून दिवाळीचा फराळ जातो, त्यावर कितीतरी बायकांची दिवाळी साजरी होते. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना तिथे करमाफी होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून उठली. आपल्या टपाल खात्यानं त्याच्या चार दिवस आधीपासूनच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ती सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला, तेव्हा लक्ष्मीपूजन आठवड्यावर आलं होतं. टपालावर अवलंबून असलेल्या बाईनं चकलीचं पीठ कधी भिजवायचं? वॉशिंग्टनमधल्या एका सहीनं तिचा हंगाम पुरता विस्कटला.

मामाचे दोन्ही दाखले खरे आहेत, पण त्यातून तो जो निष्कर्ष काढू पाहतो तो मला पटत नाही. परक्याच्या जागेवर उभं राहणं धोक्याचं, म्हणून धंदाच नको, असं म्हटलं तर गिरणी कामगारही परक्याच्याच जागेवर उभा होता आणि बारा हजारांतला अभियंताही. जागा कुणाचीही असो, ती सुटली तर आपल्याबरोबर काय येतं, हे विचारायला हवं. टिकटॉक बंद झाल्यावर ज्यांच्याकडे फक्त आकडा होता त्यांच्याबरोबर काहीच आलं नाही. अमेरिकेची पार्सलं थांबली तेव्हा जिच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं आणि फोन होते तिला निदान कळवता तरी आलं, दुसऱ्या कुरिअरचा वाढीव दर विचारता आला, डोंबिवलीत राहणाऱ्या आईवडिलांना तोच फराळ देता आला. मोठी विक्री-अॅपं नेमकी हीच वही विक्रेत्याच्या हाती लागू देत नाहीत. पार्सलवर पत्ता असतो, पण गिऱ्हाइकाचा खरा नंबर झाकलेला असतो, आणि पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या अशी चिठ्ठी खोक्यात टाकणं नियमात बसत नाही. बावीस आणि एकशे सहा यांच्यामधलं अंतर मुख्यतः या एका गोष्टीचं आहे. अॅप दर वेळी तेच गिऱ्हाईक नव्यानं शोधून दिल्याचे पैसे घेतं. जिचं गिऱ्हाईक आपलं असतं तिला दुसऱ्या विक्रीला तो खर्च नाही.

यूट्यूबचंही गणित असंच आहे. हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झाल्यावर लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींचा वाटा मिळू लागतो, आणि त्या उत्पन्नातले ४५ टक्के कंपनी ठेवते. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. एवढा मोठा फलक फुकट वापरायला दिल्याची ती किंमत आहे. पण फलकाचं भाडं आणि दुकानाचं उत्पन्न यांची गल्लत करू नये. ज्यांचं खरोखर बरं चाललेलं दिसतं त्यांच्याकडे व्हिडिओच्या मागे विकायला दुसरं काहीतरी असतं. कुणाकडे रोपवाटिका असते, कुणाकडे शिवणकामाचा वर्ग, तर कुणाकडे जुन्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग.

भाची : म्हणजे वही घालायची, गिऱ्हाईक आपलं करायचं. ते मी करीन. पण मग नोकरीचा यात काय संबंध राहिला? ती सोडून सगळा वेळ यालाच दिला तर वही लवकर भरेल. नोकरीत शिका, शिका, असं सगळे सांगतात. आमच्या पिढीनं एमएस-सीआयटीपासून सुरुवात केली आणि मग टॅली, एक्सेल, हा डिप्लोमा, तो ऑनलाइन कोर्स. फाइलमध्ये प्रमाणपत्रं साठली, पगार तिथेच. प्रमाणपत्राला किंमत होती तेव्हा ते थोड्यांकडे होतं, आता सगळ्यांकडे आहे.

मामा : प्रमाणपत्रांबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे, पण ते शिक्षणाला लावू नकोस. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं, तिथून नोकरी करता करता पदवी घेतलेली माणसं आमच्या बँकेत शिपाई म्हणून लागली आणि लिपिक होऊन पुढे गेली. आता केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी तेवढी. पण ज्यांची बढती झाली त्यांनी शिकलेलं दुसऱ्या दिवशी टेबलावर वापरलं होतं. तू शिकलेलं कुठे वापरतेस?

मामाचा हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर भाचीच्या हातात आहे, फक्त तिचं तिकडे लक्ष नाही. तिचं सगळं ध्यान आईच्या मसाल्यावर आहे. पण मसाल्याची पारख आईची आहे. ब्याडगी कितपत भाजायची, संकेश्वरी किती पडली म्हणजे चव बिघडते, हे आईला कळतं. भाची रोज आठ तास बिलं, खतावण्या आणि जीएसटीची विवरणपत्रं हाताळते. तिची पारख तिथे आहे. ऑनलाइन विकणाऱ्या हजारो लहान विक्रेत्यांचं खरं दुखणंही नेमकं तिथेच आहे. अॅपकडून ठरावीक दिवसांनी सेटलमेंट रिपोर्ट येतो. त्यात कमिशन वेगळ्या रकान्यात, पोच वेगळ्या, परतीचा भुर्दंड वेगळ्या, मागच्या आठवड्यातली कसली तरी वजावट आणखी वेगळ्या. बँकेत आलेली रक्कम आणि विक्रीची बेरीज कधीच जुळत नाही. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट धरायची राहते, कापलेला टीसीएस जीएसटीच्या पोर्टलवर स्वीकारायचा राहतो, फॉर्म २६एएसमध्ये दिसणारा टीडीएस कुणी पाहत नाही. चुकीच्या वजनामुळे पोचवण्याचा आकार जास्त लागला असेल तर मुदतीत तक्रार केली तरच पैसे परत मिळतात, आणि मुदत संपल्यावर ते कळतं. कुडत्या, चपला, खेळणी विकणाऱ्या माणसाला यातलं काही वाचायला वेळ नसतो आणि बहुधा येतही नसतं.

हे काम भाचीला येतं, किंवा थोड्या अभ्यासानं येईल. पाच लहान विक्रेत्यांचे हिशेब संध्याकाळी घरबसल्या जुळवून दिले तर त्याला माल लागत नाही, डंक लागत नाही, खोका लागत नाही, आणि पार्सल परत येत नाही. शिवाय गिऱ्हाईक दरमहा तेच राहतं, कारण हिशेब सांगणारं माणूस कुणी उगाच बदलत नाही. फाइव्हरसारख्या मंचावर काम मिळवलं तर ते कमाईतले वीस टक्के घेतात. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कराडच्या बाजारात स्वतः फिरून मिळवलं तर काहीच जात नाही. आणखी एक. असं वर्षभर काम केलेली मुलगी कंपनीत परत हिशेब विभागातच बसली तरी तिची किंमत बदललेली असते. ऑनलाइन व्यापाराचे हिशेब येणारी माणसं कंपन्यांनाही हवी आहेत, आणि मुलाखतीत प्रमाणपत्राऐवजी केलेलं काम समोर ठेवता येतं. नोकरीतली पारख धंद्यात विकायची आणि धंद्यातला सराव नोकरीत वटवायचा, अशी ही देवघेव आहे. उत्पन्न वाढवण्याचा प्रश्न नोकरी की धंदा असा विचारला की चुकतो, असं मी म्हणतो ते यासाठी. आपल्याला काय इतरांपेक्षा बरं कळतं, ते कुणाला हवं आहे, आणि तो माणूस थेट आपल्याकडे परत येऊ शकतो का, ही तपासणी दोन्हीकडे एकच आहे. मसालाही त्यात बसतो. फक्त तो आईचा धंदा आहे हे ओळखून.

भाची : पण नोकरीत असताना दुसरं काम चालतं का? सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोनं तीनशे जणांना काढलं, ते स्पर्धक कंपन्यांचंही काम करत होते म्हणून. आणि सरकारी नोकरांना तर धंद्याची मनाईच आहे.

मामा : मनाई आहेच. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, परवानगीशिवाय खासगी व्यापार किंवा नोकरी करता येत नाही. बायकोच्या नावावर करतात, आणि चौकशी लागली की बायकोला उत्तरं देता येत नाहीत. खासगीत तुझं नेमणूकपत्र काढून वाच. आपल्याच धंद्यातल्या कंपनीचं काम करू नये, कंपनीचा वेळ, माहिती, संगणक वापरू नये, हे तर कुठेही लागू. त्यापुढे काही बंधन असेल तर साहेबांना लेखी विचार. माझा अनुभव कर्जदारांचा आहे, आणि लपवून केलेला जोडधंदा कागदावर कधी वाढलेला मी पाहिला नाही. ज्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवता येत नाही त्याला बँक कर्ज कशाच्या आधारावर देणार?

वेळेचा आक्षेप याहून खरा आहे. आठ तास नोकरी, दोन तास प्रवास, घरकाम, आणि वर हे संध्याकाळचं काम. बाईच्या वाट्याला घरकाम जास्त, म्हणून तिच्यावर हा भार दुप्पट. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण दिशा सांगता येते. कमी नफ्याची पन्नास कामं वेळ खातात, जास्त नफ्याची पाच कामं खात नाहीत. म्हणूनच सुरुवातीला भाव पाडून गिऱ्हाईक जमवण्याचा सल्ला मला घातक वाटतो. स्वस्तात आलेलं गिऱ्हाईक पुढच्या स्वस्ताकडे जातं, आणि तोवर आपल्या संध्याकाळी संपलेल्या असतात. नोकरीचा पगार हाताशी असण्याचा सर्वांत मोठा फायदा इथे आहे. तो ‘नाही’ म्हणायची ताकद देतो. ज्याचं घरभाडं पुढच्या पार्सलवर अवलंबून आहे त्याला पडेल त्या भावात विकावं लागतं.

हाच पगार नसल्याचा फायदा घेणारा एक बाजार भरात आहे, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रोज अमुक कमवा, असे निरोप येतात. आधी शे-दोनशे खरंच मिळतात, मग पुढच्या ‘टास्क’साठी पैसे भरायला लावतात, आणि भरलेले अडकतात. तसं झालं तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माणसं जोडा आणि कमवा ही योजना तर जुनीच आहे. तिच्याविरुद्ध १९७८ पासून कायदा आहे आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. ऑनलाइन कमाई शिकवणाऱ्या महागड्या शिबिरांना मात्र सरसकट नावं ठेवता येत नाहीत. फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला एवढंच विचारावं, की तुमचं उत्पन्न त्या धंद्यातून येतं की आमच्या फीमधून?

भाची : मामा, तुमचं आणि या लेखकाचं सगळं गणित पगार असणाऱ्याला लागू पडतं. आईला पगार नाही. तिनं कधी नोकरी केली नाही, तिच्या नावावर घर नाही. तिनं ‘नाही’ म्हणायची ताकद कुठून आणायची?

हा आक्षेप मला या चर्चेतला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचं उत्तर मोबाइलच्या फार आधी गिरणगावातच मिळालेलं आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका महिनाभर उधारीवर डबे द्यायच्या आणि पगार होईपर्यंत किराण्यासाठी जबर व्याजानं पैसे उचलायच्या. स्वयंपाक उत्तम, गिऱ्हाईक बांधलेलं, विक्री रोजची, तरी नफा व्याजात जायचा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून बायकांच्या स्वतःच्या नावानं कर्जं मिळवून दिली. पाककृती एकही बदलली नव्हती. बदललं ते एवढंच, की सावकाराच्या तगाद्यातून सुटून त्यांना हिशेबानं चालता येऊ लागलं. आज घरून पदार्थ विकणाऱ्या बाईची अडचण याच जातीची आहे. मार्च-एप्रिलमध्ये मिरची चांगली नि बेताच्या भावात असते तेव्हा ती वर्षभराची भरून ठेवायला तिच्याकडे भांडवल नसतं. म्हणून ती दर महिन्याला चढ्या भावानं घेते, आणि पाकिटामागचे शंभर रुपये साठ होतात. बचत गटाचं कर्ज नेमकं या हंगामात हाती आलं तर तिला जितका उपयोग होईल तितका कुठल्याही जाहिरातीनं होणार नाही. विक्रीचं खातं, यूपीआयचा क्यूआर, एफएसएसएआयची नोंदणी हे सगळं भाचीच्या नव्हे, आईच्या नावावर असावं. भाची लग्न होऊन बंगळुरूला गेली तरी धंदा आणि बँकेतली पत आईपाशीच राहायला हवी.

मामा : आणि अॅपवर तिला चांगले शेरे मिळाले, हजार लोकांनी पाच तारे दिले, ते?

भाची : ते अॅपपाशी राहणार. दुसरीकडे गेले की शून्यापासून सुरुवात.

इथे व्यक्तीच्या शहाणपणाची हद्द संपते आणि सरकारची जबाबदारी सुरू होते. विक्रेत्याचे शेरे ही तिची कमाई आहे. वर्षानुवर्षं वेळेवर माल पाठवून, तक्रारी निस्तरून तिनं ती मिळवलेली असते. तरी आज ती अॅपची मालमत्ता आहे, आणि अॅपनं कमिशन वाढवलं तर विक्रेती निघून जाऊ शकत नाही याचं मुख्य कारण तेच. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ओएनडीसी हे खुलं जाळं सुरू केलं. एकदा नोंदलेला विक्रेता अनेक अॅपवर दिसावा, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. पण लोकांची खरेदीची सवय अजून मोठ्या अॅपांचीच आहे, त्यामुळे तेवढ्यानं भागत नाही. जानेवारी २०११ मध्ये देशभर मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली, तेव्हाही नंबर आमचा आहे असंच दूरसंचार कंपन्यांना वाटत होतं. विक्रेत्याचे शेरे आणि विक्रीचा इतिहास तिच्या मागणीवरून, तिच्या नोंदणी क्रमांकाशी जोडून, एका अॅपवरून दुसऱ्या अॅपवर नेता यावा, असा नियम करायला तंत्राची अडचण नाही. गिऱ्हाइकाचा नंबर झाकलेला राहू दे, तो त्याच्या खासगीपणाचा हक्क आहे. पण साताऱ्याच्या एका बाईनं हजार घरांना वेळेवर आणि चांगला मसाला पोचवला, एवढी नोंद तिच्या स्वतःच्या मालकीची असायला हवी, आणि ती दाखवून तिला बँकेत कर्जही मागता यायला हवं.